कोरडं पान, कोरडा वायू

यंदा दव भरपूर पडतंय. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की समोरच्यांच्या स्कूटरची सीट ओलीचिंब दिसते आणि शाळेला निघालेली मुलं तिच्यावर बोटानं नावं लिहितात. दोरीवर राहिलेला टॉवेल पुन्हा उन्हात घालावा लागतो. बेळगावात माघ उरला आहे तो एवढाच. पण दार उघडताक्षणी जी गार, ओलसर झुळूक अंगावर येते, तिच्यात मला अजून तंबाखूचा वास येतो. आसपास कुठं तंबाखू नाही. वास मात्र येतो आणि शिंक काढून जातो.

मुक्ता, परवा तुझा फोन आला तेव्हा मी अशीच दारात उभी होते. तुझ्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. "आजी, आजोबांचं फील्ड आमच्या कंपनीकडे आलंय," तू म्हणालीस. "कुठलं?" असं मी विचारलं खरं, पण त्यांचं असं एकच होतं. "तेच गं, वाळवंटातलं. इतकी वर्षं आत वायू घालत होते, आता घालणं थांबवून घातलेलं बाहेर काढायचंय." पुढं तू बरंच सांगितलंस आणि मी "हं, हं" म्हणत राहिले. निखिल, तुला वाटत असेल, आजीला सगळं समजलं असणार, ती समजल्याशिवाय हं म्हणत नाही. तसं नाही रे. ही एक गोष्ट मला त्या माघापासून समजलेली नाही. तुम्हा दोघा भावंडांसाठी लिहून काढली तर नीट लागेल, म्हणून लिहायला बसले आहे. लागेलच असं नाही.

सत्तरचं दशक सरून ऐंशीचं लागलं होतं. नेमकं साल लिहीत नाही, कारण तुमची आई एक सांगते आणि माझ्या आठवणीत दुसरं आहे. तुमचे आजोबा समुद्रापलीकडच्या वाळवंटात वायूच्या विहिरींवर इंजिनीअर होते. दर वर्षी थोड्या दिवसांची रजा मिळायची, तीही भर पावसात. त्या वर्षी मात्र ते माघात आले आणि लांबलचक राहिले. स्टँडवर उतरले तेव्हा त्यांच्या केसांत वाळू आहे असं मला वाटलं. घरी येऊन डोकं धुतलं तरी ती गेली नाही. ते केसच पिकले होते.

त्यांचं काम काय, हे मला तोवर वरवर माहीत होतं. जमिनीखाली खूप खोल दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत वायू कोंडलेला असतो. त्या वायूत पातळ पेट्रोलासारखं काहीतरी विरघळलेलं असतं. वायू वर येऊन गार झाला की ते वेगळं होतं, पाण्यासारखं स्वच्छ, म्हणून मी त्याला पाणीच म्हणते, आणि त्यालाच खरी किंमत. सुरुवातीची बरीच वर्षं कंपनीनं ते पाणी तेवढं काढून घेतलं आणि वायू उंच नळीच्या तोंडाशी पेटवून दिला. आजोबांनी एकदा त्या ज्वाळांचा फोटो पाठवला होता. तुमच्या आईनं तो शाळेत नेला आणि "हे आमच्या बाबांचं ऑफिस" म्हणून दाखवला.

असं उपसत गेल्यावर खालचा दाब कमी होत गेला, आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. जे पाणी वर येऊन वेगळं व्हायचं, ते खालीच, दगडातच थेंबाथेंबानं सुटायला लागलं. तिथंच चिकटून बसलं. स्वतः वर येईना आणि वायूलाही वाट देईना. विहिरी दमल्या. आजोबा कितीतरी वर्षं वरिष्ठांना सांगत होते की वायू जाळू नका, विकूही नका, तो दाबून पुन्हा खाली घाला, तो ते थेंब उचलून आणील. कोणी ऐकत नव्हतं. आता एकाएकी ऐकलं. म्हणाले, ठीक आहे, जुनं क्षेत्र पुन्हा उभं करू, पण मग तूच ये आणि तूच चालव. पुष्कळ वर्षांचं काम आहे. माघ संपायच्या आत हो की नाही ते कळव. नाही म्हणालास तर विहिरींची तोंडं बुजवून टाकू.

जोवर कोणी ऐकत नव्हतं तोवर आजोबांची खात्री होती. ऐकल्यावर ती गेली.

इकडे बेळगावात शिकवायची एक नोकरी त्यांच्यासाठी तयार होती. निपाणीजवळच्या गावात आप्पांची, म्हणजे आजोबांच्या वडिलांची, तंबाखूची जमीन होती, आणि आप्पांचे गुडघे आता बांधावर चढत नव्हते. आणि तुमची आई होती. ती प्राथमिक शाळेत होती आणि आपल्या वडिलांना "तुम्ही चहा घेणार का?" असं विचारायची. पाहुण्यांना विचारतात तसं. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातली बशी पुन्हा धुतली. ती धुतलेलीच होती. माणूस घरी परत येणार की नाही, एवढाच त्या माघाचा प्रश्न होता. बाकी सगळं वायूचं.

एका दुपारी आम्ही खडेबाजारात गेलो होतो. आप्पांसाठी घोंगडं घ्यायचं होतं. ऊन लागलं म्हणून सोड्याच्या गाडीपाशी थांबलो. गोटीच्या बाटल्या पाण्यात गार करत ठेवलेल्या. मी घरून मनाशी एक शंका बांधून आणली होती, ती काढली.

"अहो, पण दाब कमी झाल्यावर वायूचं पाणी कसं होईल? उलट व्हायला हवं."

"उलटंच होतं. म्हणून तर घोळ आहे."

कॅम्पातल्या शाळेत सिस्टरनी आम्हाला शिकवलं होतं की वायूला दाबा, गार करा, त्याचा द्रव होतो. दाब काढा, द्रवाचा वायू होतो. ते मी इंग्रजीत पाठ केलं होतं आणि इतकी वर्षं नीट घडी घालून ठेवलं होतं. सोडेवाल्यानं अंगठ्यानं गोटी दाबली. फस्स झालं, फेस त्याच्या मनगटावर आला.

"हे बघ," आजोबा म्हणाले. "दाब गेला, पाण्यातून वायू सुटला. बरोबर?"

"बरोबर."

"तिथं खाली दाब गेला की वायूतून पाणी सुटतं."

"मग दोन्हींतलं एक चूक असणार."

"दोन्ही बरोबर."

"असं कसं?"

"त्या खोलीवर, त्या उष्णतेत वायू धड वायू नसतो आणि पाणी धड पाणी नसतं. दोघं एकात एक राहतात, ते दाब आहे तोवर. कागदावर मांडून दाखवता येतं मला. तोंडानं सांगायला गेलो की तुझ्यासारखाच अडकतो."

"साहेब," सोडेवाला म्हणाला, "बाईस्नी घरी नेऊन शिकवा की. सोड्यातला ग्यास गेला तर मला बोल लावू नका."

मी घोट घेतला. गॅस गेलेलाच होता.

दोनेक आठवड्यांनी, तुमच्या आईच्या शाळेला सुट्टी सांगून, आम्ही तिघं गावाकडे गेलो. एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती, कंडक्टर कानडीत तिकीट मागत होता आणि ती बाई मराठीत भांडत होती, आणि दोघांचं एकमेकांना व्यवस्थित कळत होतं. खिडकीतून आधी ऊस दिसला, मग तंबाखू. रानंच्या रानं कापून जमिनीवर पसरलेली. तो वास मला तेव्हा सहन व्हायचा नाही. घशाशी यायचा. आता तो नुसता आठवला तरी बरं वाटतं, याचंही कारण मला देता येत नाही.

तंबाखूचं काम असं असतं. कापलेला तंबाखू रानातच पसरून ठेवतात. दिवसभर तो ऊन खातो, तपकिरी होतो आणि इतका कडक होतो की हात लावला की चुरा. म्हणून दिवसा त्याला कोणी शिवत नाही. पहाटे दव पडतं, पान ओल धरतं, मऊ होतं. तेवढ्या वेळात ते उलटायचं, उचलायचं, ढीग लावायचा. ऊन वर आलं की हात थांबले. आधी पानातलं पाणी घालवायचं, आणि मग थोडं पाणी त्याला परत मिळाल्याशिवाय ते हाताला येत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला या कामाची शिस्त फार आवडली होती. उन्हाचा वेळ उन्हाला, दवाचा वेळ दवाला.

त्या माघात दव पडेना.

रोज पहाटे सगळं घर उठायचं. गावातल्या बायका पदरानं नाकतोंड बांधून बांधावर येऊन बसायच्या. आप्पा खाली वाकायचे, पालथ्या हातानं एक पान चाचपायचे. कर्र असा आवाज यायचा. ते उभे राहायचे आणि म्हणायचे, "इरली." कानडी शब्द, असू दे, राहू दे अशा अर्थाचा. आप्पा शेताबद्दल, सोयरिकीबद्दल, सरकारबद्दल, सगळ्याबद्दल हाच शब्द वापरायचे. मग सगळे परत फिरायचे. बायका कुजबुजत, आप्पा गुडघ्यावर हात ठेवत, आणि आजोबा सगळ्यांत मागं, पान बोटांत चुरत.

"इतकी शिकलेली माणसं घरात," आक्का चुलीपाशी म्हणायच्या, "आन् पसाभर दव पाडता येईना." आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या. घर त्यांच्या जिभेवर चालायचं.

जेवताना आजोबांनी आक्कांना आपलं काम समजावलं तो प्रसंग मला स्पष्ट आठवतो. ताटात पावट्याची आमटी होती. आमटी संपली होती, तळाला रस चिकटून राहिला होता. आजोबांनी कोरड्या भाकरीचा तुकडा घेतला आणि ताट पुसलं.

"आक्का, हे ताट म्हणजे खालचा दगड. हा चिकटलेला रस बोटानं निघत नाही. कोरडी भाकरी घातली की ती तो उचलते. माझा वायू म्हणजे ही भाकरी."

"बरं. मग रस निघाला. भाकरीचं काय?"

"भाकरीपण वर येते. रस काढून घ्यायचा आणि तीच भाकरी पुन्हा खाली."

"म्हंजी भाकरी घालायची, रस काढायचा, आन् भाकरीबी सरत न्हाय?"

"व्हय. शेवटी तीपण आपलीच."

"सदा, आसली भाकरी मला बी आणून दे की रं," आक्का आजोबांना म्हणाल्या. "जन्म गेला थापण्यात."

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "रस निघंल ह्याची खात्री हाय?"

आजोबांनी तुकडा तोंडात घातला. "न्हाय," ते म्हणाले.

पूर्वेकडून कोरडा वारा सुटला तेव्हा आजोबांच्या मनात ते आलं. औषध फवारायचा पितळी पंप त्यांनी माळ्यावरून काढला, विहिरीवर नेऊन पुन्हा पुन्हा धुतला. दव पडत नसेल तर आपण पाडू, ते म्हणाले. संध्याकाळी पानांवर बारीक तुषार मारायचे, पहाटेपर्यंत पान ओल धरेल. तसं थोडं पाणी शिंपडायची रीत गावात होतीच, पण ती खळ्यावर, ढिगाला, हातानं. पसरलेल्या रानावर पंपानं कोणी मारलं नव्हतं.

"थांब की रं," आप्पा म्हणाले. "दव काय आपल्या बाचं न्हाय. येईल तवा येईल."

"आणि वाऱ्यानं चुरा उडवला तर?"

"उडवंल."

"असं कसं म्हणता आप्पा? समोर दिसतंय, हातात उपाय आहे—"

"मग आसं कर. ह्या पाटाच्या अलीकडलं रान तुझं. पलीकडलं माझं. तू पाणी घाल. मी थांबतो."

मी बांधावर उभी होते. आजोबांच्या पाठीला पंप, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तुमची आई त्यांच्यामागून बादली घेऊन चालत होती, शिंकत होती आणि ओरडत होती, "बाबा, इथं राहिलं! बाबा, इथं!" पाहुण्यांशी बोलल्यासारखं नव्हतं ते. तुषारांत मावळतीचं ऊन शिरलं होतं. आप्पा पाटापलीकडं पाठ करून बसले होते. मला वाटून गेलं की हा माणूस तंबाखूला ओल देत नाहीये, तंबाखूला विचारतोय, जाऊ का म्हणून. पान साधलं तर वायूही साधेल. तसं ते कधी बोलले नाहीत. हे माझं मीच लावलेलं असेल. आणि मी तरी काय मागत होते त्या रानाकडे? पान साधावं असं वाटत होतं, कारण त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. साधू नये असंही वाटत होतं, कारण मग ते राहतील. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि दोन्हींत खोटं काही नव्हतं.

पहाटे त्यांच्या बाजूची पानं कापडासारखी मऊ झाली होती. बायकांनी भराभर उचलली, ढीग लागला. पाटापलीकडं आप्पांचं रान वाजत राहिलं. मग वारा वाढला. आप्पांच्या रानातून तपकिरी धूळ उठली, ती आमच्या पाण्यात, पिठात, डोळ्यांत. आप्पा "इरली" म्हणाले आणि डोळ्यांना पाणी लावून बसून राहिले. मला वाटलं, झालं, ठरलं.

आणि मग दव आलं. उशिरा, पण असं की बांधावरून पाय घसरावा. आप्पांचं जे उरलं होतं ते रेशमासारखं हाताला आलं. त्यानंतर काही दिवसांनी आजोबांचा ढीग उघडला तेव्हा वरची पानं ठीक, मधली काळी, गरम, बुरशीचा वास मारणारी. आक्कांनी पदर नाकाला लावला. आजोबा हातानं उपसत राहिले. तळाला गेले तर तिथली पानं गुळाच्या रंगाची, नुसती बघत राहावी अशी. निपाणीच्या वखारीतले शेटजी माल बघायला आले होते. त्यांनी एक पान तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"हे कुणाचं?"

आक्कांनी आजोबांकडे बोट दाखवलं.

"मधलं गेलं ते गेलं. पर हे तळाचं... आसलं पान ह्या साली बघितलं न्हाय."

आप्पांनी विचारलं, "म्हंजी बरोबर कोण?"

"मला काय ठावं," शेटजी म्हणाले. "मी नुसता वास घेतो."

मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. एकच रान, एकच माघ, मधे एक पाट. अर्ध्याला पाणी घातलं, अर्ध्याला नाही. याहून नीट मांडणी कोणत्या प्रयोगशाळेत असते? आणि तरी आम्हा कोणाला काही कळलं नाही. वारा नसता तर आप्पा बरोबर ठरले असते. तुषार थोडे कमी बसले असते तर आजोबा. तळाची पानं का साधली, हे तर दोघांनाही सांगता आलं नाही.

माघ संपत आला. निपाणीच्या पोस्टात जाऊन मुंबईच्या ऑफिसला ट्रंक कॉल लावायचा होता. सकाळी निघताना मी मनात सगळं मुद्देसूद लावून घेतलं होतं. आप्पांचं वय, मुलीचं वय, नोकरी इथं आहे, पगार कमी पण पुरेसा आहे, तुमचे केस पांढरे झालेत. इंग्रजीत निबंध लिहितात तसं, एकापुढं एक. ते विचारतील तेव्हा सांगायचं.

पोस्टात डिंकाचा आणि तंबाखूचा वास मिसळलेला होता. आम्ही बाकावर पुष्कळ वेळ बसलो. मग खिडकीतल्या माणसानं "मुंबई, मुंबई!" अशी हाक मारली आणि आजोबा उठले. रिसीव्हर कानाला लावला, नाव सांगितलं, मग हातानं त्याचं तोंड झाकून माझ्याकडे वळले.

"सुमन, काय सांगू?"

आणि मी जे ठरवलं होतं ते सांगितलंच नाही. मी विचारलं, "त्यांनी बंद केलं, तर खाली आहे ते?"

"खालीच राहील."

"कायमचं?"

"कायमचं. एकदा तोंड बुजवलं की पुन्हा कोण उघडायला येतं?"

दुधाचं पातेलं रिकामं झालं की त्यात पाणी घालून, विसळून ते चहात ओतणारी बाई मी. पिठाचा डबा उपडा करून ठोकणारी. तळाशी काही राहिलंय हे कळल्यावर झाकण लावून ठेवणं मला जमत नाही, कधीच जमलं नाही.

"मग जा," मी म्हणाले.

ते फोनमध्ये बोलले, थोडंच, इंग्रजीत. बोलणं संपलं तरी पलीकडची लाइन लगेच तुटली नाही, तिच्यात नुसती एक लांब, एकसारखी सळसळ येत राहिली. आजोबांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. "ऐक," ते म्हणाले. "विहिरीच्या तोंडाशी पाइपाला कान लावला की अस्सा आवाज येतो." मी ऐकला. वाऱ्यावर कोरडी पानं वाजतात तसाही तो होता.

बाहेर रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "तू राहा म्हणशील असं वाटलं होतं."

"मलाही," मी म्हणाले.

स्टँडवर आम्ही चहा घेतला. त्यांनी बशीतला शेवटचा घोटसुद्धा ठेवला नाही, हे मी बघितलं. गावी पोचल्यावर तुमची आई अंगणात होती. सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मग पंप कोण मारणार?" आणि उत्तराची वाट न बघता खेळायला गेली.

पुढची वर्षं तुम्हाला ठाऊक आहेत, फोटोंतून तरी. आजोबा रजेवर यायचे आणि विहिरींबद्दल घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. अमकी बोलायला लागली, तमकी रुसली. एकीला महिनेच्या महिने झाकून विश्रांती दिली तर ती आपोआप सुधारली. दुसरीत वायू घातला तो भलत्याच वाटेनं निघून गेला. आप्पा वारले तेव्हा आजोबा तिकडे वाळवंटात होते. निरोप पोचून ते येईतो सगळं उरकलं होतं. आक्कांनी त्यांच्यासाठी भात झाकून ठेवला होता, तो त्यांनी गारच खाल्ला. तुमची आई मोठी झाली. "तुम्ही चहा घेणार का?" पुन्हा सुरू झालं आणि मग कधीतरी थांबलं. कधी, ते मला आठवत नाही, याचं वाईट वाटतं.

ऐंशीचं दशक संपताना ते कायमचे आले. मी विचारलं, "निघालं का हो, तळाचं?"

"निघालं."

"पुष्कळ?"

"पुष्कळच म्हणायचं. पण घातलं नसतं तर किती निघालं असतं, हे कुठं माहीत आहे? तुलना कशाशी करणार?"

ते हसत म्हणाले, पण मी ते धरून बसले. ते राहिले असते तर काय झालं असतं? तुमची आई वेगळी झाली असती? मी? आप्पांच्या रानाला निदान मधे पाट होता. जगण्याचं अर्धं रान कोरडं ठेवून मग ताडून बघता येत नाही. आणि आप्पांचा तर पाट असूनही निकाल लागला नव्हता. कधी वाटतं, ते लांब होते म्हणूनच आम्ही एकमेकांना धरून राहिलो. कधी वाटतं, तेव्हाच काहीतरी थेंबाथेंबानं सुटून कुठंतरी चिकटलं आणि ते मी कधी वर काढलं नाही. मग मला सोड्याची बाटली आठवते, आणि दाब असण्यानं काय होतं आणि नसण्यानं काय होतं, सगळं पुन्हा उलटंसुलटं होतं. त्यांना विचारायची सोय आता नाही. असते तरी म्हणाले असते, दोन्ही बरोबर.

मुक्ता, परवा तू म्हणालीस की आता जो वायू वर येईल तो पुष्कळसा आजोबांनी खाली घातलेलाच असेल. मी विचारलं, "ओळखता येतो?"

"थोडासा. तो जरा कोरडा असतो, त्यातलं पातळ काढून घेतलेलं असतं ना," तू म्हणालीस. "पण इतक्या वर्षांत आतल्या आत असा मिसळलाय की हा त्यांनी घातलेला आणि हा मुळातला, असं नाही सांगता येत, आजी."

तेव्हापासून मी रोज दार उघडते, झुळूक घेते, शिंकते, आणि आक्कांची भाकरी आठवते. ती न सरणारी, शेवटी आपलीच.

तुझ्याकडून मला एवढंच हवं आहे. तुला तिथं जायला मिळालं आणि ते वर यायला लागलं, की मला फोन लाव. बोलू नकोस काही. फोन पाइपाला टेकव आणि धरून ठेव. पलीकडून सळसळ ऐकू येईल ती वायूची की लाइनची की माझ्या म्हाताऱ्या कानांची, हे मला ओळखता येणार नाही, ते मी आत्ताच सांगते.

तरी लगेच ठेवू नकोस.